खान्देशात निरोगी राहायचं तर नेमकं काय करायचं?

तापीकाठ (रावेर)

राम राम मंडळी. आरोग्यावर हल्ली जो तो सांगतो, पण ते सांगणं बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या माणसाला धरून असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, घरात कळण्याची भाकरी आणि ठेचा असतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे, श्रावणात कानबाईचे रोट, हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी. अशा ठिकाणी राहणाऱ्याने काय करावं, यावर आपल्याच माणसांची मतं हवी आहेत. एकमत व्हावं अशी अपेक्षा नाही.

माझं मत आधी सांगतो. आपल्या जेवणात खोट नाही. कळणाच घ्या, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. आणि उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र दळायचं शहाणपण आपल्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. बिघडलं ते काम. माझे आजोबा रात्री उठून पाणी भरायला जायचे, दिवसभर बैलांमागे चालायचे. आता केळीला ठिबक आहे, खतंही त्यातूनच जातात, मोटार मोबाईलवरून सुरू होते, मळ्यात जायला मोटारसायकल. पायांचं काम संपलं, ताटातल्या भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. गावात घराआड शुगरच्या गोळ्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली आलेल्या देशव्यापी अभ्यासात 10 कोटींहून जास्त मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास उंबरठ्यावरचे लोक असल्याचं म्हटलंय, त्यात आपली गावंही आली.

म्हणून मी म्हणतो, पदार्थ बदलू नका. ताट लहान करा आणि मळ्यात पायी जा. तुमचं काय म्हणणं?

दोनवेळ (जळगाव)

तापीकाठ भाऊ, ताट लहान करून काही होत नाही. आपल्याकडे ताट मोजलं जातं, ताटाबाहेरचं मोजलंच जात नाही. सकाळी चहा-बिस्किट, दुकानावर चहा, पाहुणा आला की चहा, चार वाजता शेव-मुरमुरे. चहा नको म्हटलं तर समोरच्याला वाटतं हा रागावला. कपात दोन चमचे साखर धरा आणि दिवसाचे कप मोजून बघा.

मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने जेवतो. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हा 55 मिनिटांच्या आत पोटभर जेवायचं, मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. प्रत्येक खाण्यागणिक शरीरात इन्सुलिन सुटतं, दिवसभर चरत राहिलं तर ते खाली यायला वेळच मिळत नाही, असं त्यामागचं म्हणणं आहे. मला याचा पुरेपूर फायदा झाला. वजन उतरलं, तीन महिन्यांची सरासरी साखर उंबरठ्यावरून मागे आली. एक पैसा खर्च नाही. वरण-बट्टी सोडली नाही, शेवभाजी सोडली नाही. दुपारी जेवताना खातो आणि विषय संपतो.

दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्यांचंही मी वाचलंय. आपल्याकडच्या माणसाला थोडं खाता येत नाही, त्याला एकदा बसलं की जेवायची सवय आहे. आपल्या स्वभावाला दोन वेळा हेच सोपं.

पांझराकाठची ताई (धुळे)

दोनवेळ दादा, तुम्हाला गुण आला याचा आनंदच आहे. पण इथे शुगरच्या गोळ्या खाणारेही वाचत असणार, म्हणून लिहिते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाने कोणाचं ऐकून मधलं खाणं बंद केलं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आमच्या आईचं तेच झालं. शेजारच्या काकूंचं ऐकून तिने नाश्ता सोडला, गोळी मात्र सकाळची सकाळीच घेतली. साडेअकराला घाम, हाताला कंप, आणि मला ओळखेना. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, तेव्हा कुठे ती बोलती झाली. शुद्ध गेली असती तर तेही पाजता आलं नसतं, सरळ दवाखाना गाठावा लागला असता.

जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी गोळ्यांचा हिशोब डॉक्टरांकडून बदलून घ्या. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढतं मूल यांनी तर या वाटेला जाऊच नये.

दोनवेळ (जळगाव)

ताई, मान्य. इन्सुलिनवाल्यांनी विचारल्याशिवाय करू नये हे त्या पद्धतीतही सांगतात. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. ज्याला अजून गोळी लागलेली नाही, पोट सुटलंय आणि साखर काठावर आहे, अशा माणसाला आपण भीती दाखवून थांबवू नये. आपल्या गावात असेच लोक जास्त आहेत.

गिरणाथडी (सध्या पुणे)

माझा अनुभव साधा आहे. गहू बंद केला, गावाकडून दादर ज्वारी मागवली. ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही, हे आमच्या ऑफिसात आता सगळ्यांना पटलंय. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून इथल्या लोकांना ज्वारीची किंमत कळली.

पांझराकाठची ताई (धुळे)

वाढते हो भाऊ. शंभर ग्रॅम ज्वारीत 65 ते 70 ग्रॅम पिष्टमय पदार्थच असतात, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरतं, मैद्यापेक्षा तर ती शंभर पटीने बरी. पण चार भाकरी खाल्ल्या तर साखर चढणारच. दोन भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, मोठी वाटी पालेभाजी, असं ताट करा. फौजदारी डाळ आपल्याकडे असताना प्रथिनं बाहेर शोधायला नकोत, फक्त ती पातळ पाणी करू नका.

मेहरूणचा फेरफटका (जळगाव)

खाण्यावर एवढं बोलणं झालं, हालचालीवर तापीकाठ भाऊ सोडून कोणी बोलेना. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. दुसरा भाग आपण विसरतोच. साठीनंतर माणूस पडतो तो मांड्यांत जोर नसल्यामुळे. मी तलावाकाठी रोज सकाळी चालतो. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर यायच्या आत घरी, हिवाळ्यात थोडं उशिरा. चालून आलं की ओट्यावर खुर्ची ठेवून उठबस करतो, हात न टेकता. आमच्या चालणाऱ्या मंडळींत बीपीची गोळी कमी झालेले आहेत, गुडघे मोकळे झालेले आहेत. तपासणी मात्र चुकवू नका. बीपी 140/90 च्या वर आणि उपाशीपोटी साखर 126 च्या वर वारंवार येत असेल तर चालण्याबरोबर औषध लागतंच.

घडवाहक (यावल तालुका)

सगळं वाचलं. राग नाही, पण लिहितो.

तुम्ही सगळे खाणं कमी कसं करायचं आणि चालणं वाढवायचं कसं यावर बोलताय. माझे वडील केळीच्या कापणीवर होते, मी पण शिकता शिकता जायचो. 20-25 किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत यायचं, परत जायचं. गाडी भरेपर्यंत थांबायचं नाही, कारण मजुरी गाडीवर. त्या माणसाला 150 मिनिटं कोण सांगणार? तो ती सकाळच्या एका फेऱ्यात संपवतो आणि तरी पन्नाशीत म्हातारा दिसतो. नुसतं अंग मोडून काम केलं म्हणजे आरोग्य येत नाही. काम, पाणी, सावली, झोप आणि पोटात काहीतरी, हे सगळं जमलं तर येतं.

मजुराचं निरोगी जगणं कशावर अडतं ते सांगतो. पहिलं पाणी. बागेत प्यायचं पाणी नसतं, ठिबकच्या नळीचं पितात. बायका तर पाणी पीतच नाहीत, कारण लघवीला आडोसा नाही. उन्हाळाभर असं काढलं की लघवीला जळजळ, मुतखडा, पुढे मूत्रपिंडावर ताण. दुसरं ऊन. घाम आटला, माणूस बडबडायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, म्हणजे उष्माघात. तिथे आपले लोक कांदा हुंगवतात. पहिल्यांदा सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत ओलं फडकं ठेवायचं आणि 108 ला फोन लावायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शरीराचं तापमान 40 च्या वर गेलं की एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

तिसरी तंबाखू. भूक मारायला मळतात. सकाळी चुना-तंबाखूची गोळी धरली की अकरापर्यंत पोट बोलत नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि पुडी टपरीवर मिळते. आमच्या गल्लीतली दोन माणसं तोंडाच्या कॅन्सरने गेली, दोघंही कष्टाळू, दोघांच्याही अंगावर चरबीचा अंश नव्हता. चौथी फवारणी. 2017 मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. आपल्याकडे आजही बनियनवर, उघड्या तोंडाने फवारतात.

बागायतदार मंडळी इथे आहेत म्हणून थेट मागतो. एप्रिल-मे मध्ये कापणी पहाटे सुरू करून अकराला बंद करा. बांधावर माठ ठेवा, ताडपत्रीची सावली करा. कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायला माणूस थांबला तर त्याला कामचुकार म्हणू नका. आमच्यासाठी एवढं झालं तर डाएटचं पुढचं पुढे बघू.

सातपुडा पायथा (धडगाव)

घडवाहक भाऊंनी लिहिलं ते बरं झालं. मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याचं काम करते. आमच्याकडे वजन कमी करायचा प्रश्न फार थोड्यांचा. इथे बाळ पोटात असल्यापासून त्याला पुरेसं मिळत नाही. वर्षाच्या बाळाला आईच्या दुधासोबत दिवसातून तीन-चार वेळा घट्ट खाणं लागतं, त्यात तेल-तूप घालावं लागतं. ‘दोन वेळाच खा’ हे मोबाईलवर पाड्यापर्यंत पोचलंय, आणि एका घरात मुलांनाही तसंच ठेवलेलं मी पाहिलं. माणूस पाहून सल्ला द्यायचा तो यासाठी.

दुसरी गोष्ट सिकलसेल. पावरा, भिल्ल समाजात हा आजार बऱ्यापैकी आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, हाडं-सांधे असह्य दुखतात. अंगातलं पाणी कमी झालं, जास्त श्रम झाले, थंडी-ताप आला की दुखणं उसळतं. अशा रुग्णाने कडक उपास करू नये आणि उन्हात तहान मारू नये. इथे कोणी विचारत नाही असं एक सांगते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी सिकलसेलच्या रुग्णात फसवी येते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, यांची दहा-वीस दिवसांत मोडते, त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. त्यांची साखर नुसत्या त्या आकड्यावर ठरवू नये. रक्त कमी दिसलं म्हणून तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्याही चालू ठेवू नयेत.

2023 पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न जुळवण्याआधी करून घ्या. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून त्याचा गुण अंगात असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत, पण हा कागद बघावा यासाठी मी घरोघर फिरते.

मांडे आणि रस (भुसावळ)

भावांनो, दोन वेळा जेवा, सहा वेळा जेवा, ते शिजवणार कोण हे एकानेही लिहिलं नाही. आमच्या घरात एकजण दोन वेळावाला, एकाला दर दोन तासांनी हवं, सासऱ्यांना मिठाशिवाय, मुलांना वेगळं. भुसावळच्या उन्हात दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून बघा. आणि ती बाई स्वतः जेवते सगळ्यात शेवटी, उरलेलं, बहुतेक उभ्याने.

देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. घरात चार बायका असतील तर दोघी-तिघींची थकवा, धाप, केस गळणं ही तक्रार त्यातूनच असू शकते. बाजरी खा, अंबाडी, तांदुळजा, मेथी खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह अंगी लागत नाही. पुरुषमंडळींनी एवढं करावं की बाई ताटावर बसल्याशिवाय आपण बसायचं नाही. माझ्या मते घराच्या आरोग्याची सुरुवात तिथे आहे.

आता मीठ. उन्हाळ्यात आपण बिबड्या (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया, लोणची वर्षाची करून ठेवतो. मी पण करते, आणि करणं सोडणार नाही, कारण त्या निमित्ताने गल्लीतल्या बायका एकत्र बसतात, मनातलं बोलतात. पण दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा, सगळं धरून. पापडखारातही सोडियम असतंच. बीपीचा माणूस जेवणात मीठ कमी घेतो आणि वर दोन पापड, लोणच्याची फोड आणि मूठभर शेव खातो. मी यंदा बिबड्यांच्या शिजवलेल्या घाट्यात मीठ निम्मं केलं, तीळ, लसूण आणि जिरं वाढवलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

केळीवाला (रावेर)

मांडेताई, बरोबर बोललात. एक विचारतो. शुगरवाल्यांनी केळी खायची की नाही? आमच्या तालुक्यात केळी पिकवून आम्हीच ती खायला घाबरतो. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि घरातल्या म्हाताऱ्याला डॉक्टरने बंद केली.

पांझराकाठची ताई (धुळे)

सरसकट बंद नाही. फार पिकलेलं, काळे ठिपके पडलेलं केळं साखर लवकर चढवतं. लहान, जरा घट्ट केळं, अर्धं, भाकरी कमी करून त्याच्या जागी खाल्लं तर बऱ्याच जणांना चालतं. ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि दोन तासांनी तपासा, तुमचं तुम्हाला कळेल. शिकरण मात्र नको. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्तात पोटॅशियम वाढत असेल, तर केळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. तुमच्या वडिलांना बंद केलं ते साखरेसाठी की किडनीसाठी, हे आधी विचारून घ्या.

नाना, अमळनेर

भाऊ, तुम्हनं म्हननं खरं शे. पहिले दिवाबत्तीले जेवण व्हई जाये. आते रातना अकरा वाजतस तरी मोबाईल हातमा शे.

सगळ्यांना समजावं म्हणून अहिराणी सोडून पुढचं मराठीत. मी शिक्षक होतो, आता वय झालं. माझं मत असं की झोप आणि माणसं या दोन गोष्टींवर तुम्ही कमी लिहिलंत. प्रौढाला रात्री सात तास तरी झोप हवी. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळे घराच्या धाब्यावर (छतावर) झोपायचे, नऊला गाव शांत. आता कूलर खोलीत, माणूस खोलीत, आणि पडदा डोळ्यासमोर. दुसरं, गावात म्हातारे एकटे पडलेत. मुलं पुणे, नाशिक, सुरतला. एकट्या माणसाला स्वयंपाक करावासा वाटत नाही, तो चहा-टोस्टवर दिवस काढतो, गोळ्या विसरतो. त्याला डाएट सांगून काय उपयोग? आम्ही काही निवृत्त लोक संध्याकाळी मारुतीच्या पारावर डबे घेऊन बसतो. ज्याची भाजी चांगली त्याची सगळे खातात. जो दोन दिवस आला नाही त्याच्या घरी जाऊन बघतो. माझं बीपी कशाने ताब्यात आहे असं विचाराल तर मी गोळीनंतर याचं नाव घेईन.

दोनवेळ (जळगाव)

नाना, नमस्कार. हे वाचून वडिलांना फोन केला.

तापीकाठ (रावेर)

सगळ्यांचं नीट वाचलं. दोनवेळ भाऊ आणि मी वेगळ्या मतांचे आहोत आणि राहू, चहाच्या साखरेचं मात्र पटलं. घडवाहक भाऊ, तुम्हाला वेगळं उत्तर देतो. आमची उन्हाळ्याची कापणी पहाटे साडेपाचला सुरू करायचं ठरवलं. अडचण अशी की व्यापाऱ्याची गाडी नऊच्या आधी येत नाही, मग घड कापून सावलीत लावायचे आणि गाडी भरायची तेवढी संध्याकाळी, असं मुकादमाशी बोलतोय. मजुरी दोन्ही वेळची द्यावी लागेल, ती देऊ. बांधावर माठ आणि ताडपत्री होईलच. बायांसाठी विहिरीजवळ आडोसा बांधायला घेतलाय. शेजारच्या बागायतदारांनाही सांगतोय, दोघं तयार आहेत. बांधावर ओआरएसची पाकिटं ठेवायची आहेत. ती कुठून घ्यायची, आणि रोज सगळ्यांना द्यायची का?

घडवाहक (यावल तालुका)

भाऊ, मजुरी दोन्ही वेळची दिलीत तर माणसं तुमच्याकडे आधी येतील. मुकादम ऐकत नसेल तर मला सांगा, मी ओळखीने बोलतो.

सातपुडा पायथा (धडगाव)

पाकिटं आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळतात, मेडिकलमध्येही स्वस्त आहेत. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा, कमी पाण्यात घट्ट करू नका, आणि केलेलं द्रावण दिवसाच्या आत संपवा, दुसऱ्या दिवशी नवीन करा. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. रोज सगळ्यांना सरबतासारखं वाटू नका. तहानेला साधं पाणी, जेवताना पातळ ताक. जो फार घामाघूम झाला, ज्याला पेटके आले, जुलाब-उलटी झाली, त्याला ओआरएस. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असलेले मजूर कोण आहेत ते मुकादमाला आधीच विचारून ठेवा, त्यांना देण्याआधी उपकेंद्राच्या नर्सताईंशी बोला. आणि एका माणसाला पाण्याचीच जबाबदारी द्या, सगळ्यांची म्हणजे कोणाचीच होत नाही.